नाव गुप्त, रचना खुली

ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर डेव्हिड मिरांडा यांना सुमारे ९ तास अडकवून ठेवण्यात आले. पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्या कामाच्या गोपनीय फाइली त्यांच्याजवळ होत्या. फाइली हातोहात पाठविण्यातील ही जोखीम टळावी, म्हणून अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ मायका ली यांनी २०१४ मध्ये ‘अनियनशेअर’ ही आज्ञावली सिद्ध केली. तिच्यात फाइल पाठविणाऱ्याच्याच संगणकावर राहते व तेथून घेणाऱ्यास मिळते. मध्ये कोणा कंपनीचे कोठार नसते. अनेक संगणकांतून वळसे घेणाऱ्या ‘टॉर’ जाळ्यामुळे दोघांचाही ठावठिकाणा झाकला जातो. आज्ञावलीची रचना मात्र सर्वांस खुली आहे. स्वयंसेवक तिच्यातील दोष शोधतात, दुरुस्त्या व भाषांतरे करतात. हे श्रमदानच होय. इतरांचे नाव राखणाऱ्या साधनाने स्वतःचे काहीही लपवू नये, यातच त्याची विश्वासार्हता आहे.