वंशावळीत नसलेली आत्या

आमच्या अकोल्याकडच्या वंशावळीत सहा पिढ्यांचे पुरुष आहेत. पणजोबांची अविवाहित बहीण मात्र नाही. ‘मोठ्या दुष्काळात गेली,’ एवढंच आजी सांगे. म्हणजे 1899-1900 साली. पण भुकेनं गेली, की लोकलाजेनं?

भुकेनं गेली असेल, तर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात शोधावं. लोकलाजेनं असेल, तर 1875 साली निघालेल्या पंढरपूरच्या बालकाश्रमात. तिथं विधवा-कुमारिकांची बाळंतपणं गुपचूप होत. आडनावावर अडू नये. गाव, वय, साल ताडून पाहावं. धर्मांतराबरोबर नावही बदललेलं असेल.

मला ती अजून गवसली नाही. वंशावळीत तिची ओळ मात्र लिहून ठेवली आहे. गुरुजी, आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना आजच विचारा.