क्रूझचं बुकिंग: आधी जागा, मग दर



मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला क्रूझने जायचं ठरलं, की आपण आधी दर विचारतो. मुरलेले प्रवासी मात्र आधी जहाजाचा नकाशा मागतात. केबिन नेमकी कुठे आहे, ते पाहतात. कारण साधं आहे. लाटांवर जहाजाची दोन्ही टोकं जास्त वरखाली होतात. मधला भाग कमी हलतो. वरचे मजले जास्त डोलतात, खालचे कमी. म्हणून ज्यांना बोट लागते, त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधली केबिन घ्यावी. डोक्यावर काय आहे, तेही बघा. वर पोहण्याचा तलाव असेल, तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट ऐकू येतो.

कुणी म्हणेल, मग समुद्र दिसणारी बाल्कनी नको का? जरूर घ्या. पण दोन-तीन रात्रींच्या सफरीत जागेपणीचा बराच वेळ डेकवर जातो, आणि तिथून समुद्र सगळ्यांनाच दिसतो. कुणी म्हणेल, स्वस्त तिकिटात केबिन कंपनीच ठरवते, बिघडलं काय? ज्यांना कशाचाच त्रास नाही, त्यांचं काहीच नाही. सोबत आजी-आजोबा असतील, तर मात्र चार पैसे जास्त द्या आणि लिफ्टजवळची केबिन स्वतः निवडा. पुन्हा सांगायचं, तर आधी जागा, मग दर.

दर विचाराल तेव्हा कर आणि बंदराचं शुल्क धरून एकूण रक्कम विचारा. आणि नागपूर-कोल्हापूरकडच्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही.