कच्चे अन्न आणि पक्की नोकरी



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आमची त्याला हरकत नाही. चुलीशी काडीमोड घेऊन जगू पाहणारी माणसे आपल्याकडे थट्टेचाच विषय होत आली आहेत. ही माणसे खातात काय, याची चर्चा पुष्कळ झाली. पण ती काम कोणते करतात, आणि हे अन्न पत्करल्यावर त्यांच्या कामधंद्याचे काय होते, हे फारसे कोणी विचारलेले दिसत नाही. आम्हाला मात्र तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला पोटात किती गेले आणि हातून किती झाले याचा मेळ रोजचा रोज घालावा लागतो.

या प्रयोगाची एक जुनी रोजनिशी उपलब्ध आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियात २३ वर्षांच्या एका बॅरिस्टराने अग्निस्पर्श न झालेले धान्य खायला सुरुवात केली. हे बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी. दादा अब्दुल्ला यांच्या खटल्याच्या कामासाठी ते तेथे गेले होते. गहू, वाटाणे, तांदूळ रात्री भिजत घालायचे आणि सकाळी चावून खायचे, असा तो क्रम होता. पहिल्याच दिवशी न्याहारीला ४५ मिनिटे लागली, सकाळी हुशारी वाटली, आणि संध्याकाळी डोके दुखू लागले. दोन आठवडे पुरे व्हायच्या आतच प्रयोग आटोपला. पुढे १८९४ साली त्यांनी ही हकीकत लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ पत्रात प्रसिद्ध केली, आणि फजिती लपविली नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

त्या ४५ मिनिटांपाशी थोडे थांबू या. बॅरिस्टराला न्याहारीसाठी पाऊण तास मिळतो. जिनिंगच्या कामगाराला, एस. टी. च्या वाहकाला, निंदणाला जाणाऱ्या बाईला तो कोण देणार? भाकरी भाजणे म्हणजे दातांचे आणि आतड्यांचे पुष्कळसे काम आधीच चुलीकडून करून घेणे होय. ज्वारी दळली, भिजवली, भाजली की ती दहा मिनिटांत खाऊन माणूस पुन्हा तासाला लागू शकतो. कच्च्या अन्नाने हे काम पुन्हा खाणाराच्या वेळेवर येऊन पडते.

१९२९ साली गांधीजींनी हा प्रयोग पुन्हा हाती घेतला. आंध्रच्या दौऱ्यात राजमहेंद्री येथे सुंदरम् गोपाळराव या निसर्गोपचारी गृहस्थांशी गाठ पडली, तेथून ही प्रेरणा मिळाली. ‘यंग इंडिया’त त्यांनी रोजचे मापही दिले होते: मोड आलेले गहू ८ तोळे, बदामाचा लगदा ८ तोळे, वाटलेली हिरवी पाने ८ तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध. काही महिन्यांत आव पडली, आणि त्यांना शेळीच्या दुधाकडे परतावे लागले.

आम्ही या मापाचा हिशेब करून पाहिला. आठ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. सगळे मिळून अकराशेच्या आसपास उष्मांक भरतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणे कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला ३४०० हून अधिक आणि स्त्रीला २७०० हून अधिक उष्मांक लागतात. म्हणजे निंदणाऱ्या बाईला याच मापाने जेवायचे तर रोज जवळजवळ पाव किलो बदाम आणावे लागतील. मजुरी बदामावर गेली तर बाकीचे घर कशावर चालणार? बदामाऐवजी शेंगदाणे घ्या, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी ठीक. पण मूठभर कच्चे दाणे खाणे वेगळे आणि दिवसभराचा आधार म्हणून खाणे वेगळे.

बरे, गहू महाग, तर आपल्या जिल्ह्याची ज्वारी मोड आणून खावी काय? येथे मात्र आम्हाला ठासून सांगितले पाहिजे की नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात हायड्रोसायनिक आम्लाचे विष तयार होते. कोवळ्या ज्वारीत ढोर शिरले तर शेतकरी कसा धावतो, हे आपण सारे जाणता. गुजरातेतल्या आश्रमाचा गहू वऱ्हाडात आणून बसवता येतो, पण त्याच्या जागी ज्वारी बसवता येत नाही. शिवाय आपला उन्हाळा! वैशाखात मोड सकाळी येतात आणि दुपारपर्यंत आंबतात. पालाभाजी धुवायला स्वच्छ पाणी लागते. पाणी वाईट असेल तर उकळी हाच गरिबाचा वैद्य.

मग ज्यांनी हे अन्न पत्करले, ते होते कोण? शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले उदाहरण घ्या. प्राध्यापक भन्साळी अध्यापन सोडून गांधीजींकडे आले, वर्षानुवर्षे भटकले, आणि कच्चे पीठ व कडुनिंबाचा पाला यांवर राहिले. पुढे ते सेवाग्रामला स्थिरावले. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून १९४२-४३ मध्ये ६३ दिवस उपोषण करणारे ते हेच. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. त्यांची नोकरी अन्नामुळे सुटली नाही. नोकरी आधी सुटली, पीठ मागाहून आले. पगार, घड्याळ आणि वरिष्ठ यांतून मोकळा झालेला माणूसच असे अन्न पेलू शकतो, असे आम्हाला दिसते.

उलट गोष्ट उरुळीकांचनची. १९४६ साली गांधीजींनी तेथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले, आणि मणिभाई देसाई नावाचा तरुण विज्ञान-पदवीधर तेथे राहिला तो कायमचा. फळे, रस, कच्च्या भाज्या यांना त्या उपचारपद्धतीत मानाचे स्थान. पण मणिभाईंचे लक्ष हळूहळू गावच्या शेतीकडे आणि गाईकडे वळले. १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था काढली, आणि संकरित गाईंच्या पैदाशीतून हजारो घरांना दुधाचा जोडधंदा मिळाला. रोग्याला पथ्य सांगायला गेलेल्या माणसाला निरोग्याच्या पोटाची व्यवस्था करावीशी वाटली. आम्हाला हे धंदा-परिवर्तन भन्साळींच्या तपापेक्षा जवळचे वाटते. तपाचा अनादर म्हणून नव्हे, तर ते शेजाऱ्याला करता येत नाही म्हणून.

आज शहरांच्या बागांपाशी भल्या पहाटे मोड आलेली कडधान्ये आणि गव्हांकुरांचा रस विकणारे दिसतात. त्यांना यातून नवा रोजगार मिळाला, हे चांगलेच झाले. गिऱ्हाईक बहुधा फिरायला आलेले, बैठ्या कामाचे. विकणारा मात्र गाडी लावून झाली की घरी जाऊन पोळी-भाजी खातो.

आपल्याकडे कच्चे खाणे नाही असे कोण म्हणेल? कोलाम, गोंड बांधव रानात जाताना टेंभुरणी, चारोळी, मोहाची फुले खातात. हरभऱ्याच्या शेतातून घाटे न तोडता कोण जातो? कापूस वेचणाऱ्या बाईच्या शिदोरीत भाकरी आणि बेसन चुलीवरचे, तर कांदा आणि मुळा कच्चा. मात्र ती भाकरी थापायला ती पहाटे चारला उठते, आणि धूर खाऊन मग रानात जाते. कच्च्या अन्नाचे पुरस्कर्ते तिची चूल विझवू म्हणतात तेव्हा त्यांचा हेतू आम्हाला पटतो. पण तिची चूल विझली तर बांधावर दुपारी बारा वाजता तिच्या फडक्यात काय असेल, याचे उत्तर त्यांच्याकडून आम्हाला अजून मिळालेले नाही.