घुमणारी खोली

टेबलावर ठेवण्याजोगे दोन लहान स्पीकर घरी यावेत, निजण्याच्या खोलीच्या कोपऱ्यातील मेजावर अगदी भिंतीला लागून त्यांची स्थापना व्हावी, आणि मोठ्या हौसेने एखादी मैफल लावावी. तो काय, तबल्याची चाट कुठल्या कुठे हरपलेली आणि डग्गा मात्र रिकाम्या पिंपावर थापा माराव्यात तसा घुमतो आहे! गृहस्थ दुकानदाराला बोल लावतो. स्पीकर बदलून आणतो. नवी जोडीही त्याच जागी तशीच घुमते. दोष पुष्कळदा स्पीकरचा नसतोच. घुमत असते ती खोली.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर प्रवास करतो. खोली साडेतीन मीटर लांब असेल तर एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यात त्याचे सात मीटर होतात. सेकंदाला ४९ कंपने असलेल्या स्वराच्या एका तरंगाची लांबीही जवळजवळ तेवढीच. त्यामुळे परतलेला तरंग नव्याने निघालेल्या तरंगाच्या पावलावर पाऊल टाकतो आणि, झोपाळा ऐन वेळी ढकलावा तसा, स्वर वाढतच जातो. हीच गोष्ट रुंदीची आणि उंचीची. अडीच मीटर रुंदीला ६९ कंपनांचा स्वर बळावतो, पावणेतीन मीटर उंचीला सुमारे ६३ कंपनांचा. आता ज्या गायकाचा षड्ज काळी एक आहे, त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपने सेकंदाला सुमारे ६९च असतात! म्हणजे ती तार छेडली की खोलीही तिच्याबरोबर गाऊ लागते, आणि शेजारच्या स्वरांना मात्र ती तशी साथ देत नाही. दहा फूट लांब व दहाच फूट रुंद अशी चौरस खोली तर याबाबतीत फारच वाईट. तिची लांबी आणि रुंदी एकाच स्वराला, सुमारे ५७ कंपनांना, दोन्हीकडून जोर देतात.

जुन्या घरांत लाकडी तक्तपोशी आणि वर कौले असत. ती थोडी थरथरत, थोडा आवाज बाहेर जाऊ देत, आणि त्या मार्गाने बराचसा खर्ज निघून जाई. विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब असा निचरा होऊ देत नाहीत.

हा प्रश्न केवळ ऐकणाऱ्याच्या चैनीचा असता तर त्याची एवढी चर्चा नको होती. परंतु आज अनेक विद्यार्थी आणि कलावंत आपले ध्वनिमुद्रण अशाच खोलीत बसून नीटनेटके करतात. ज्याला ६९ कंपनांचा स्वर अवास्तव मोठा ऐकू येतो, तो प्रामाणिकपणे त्याला कात्री लावतो. आणि तेच गाणे दुसऱ्या घरी वाजले की तंबोऱ्याखालची जमीनच नाहीशी झालेली आढळते. त्याने चूक केली ती कानाने नव्हे, खोलीने करविली.

खोलीचा हा स्वभाव पाहण्यासाठी यंत्रांची गरज नाही. मोबाइलमधल्या एखाद्या साध्या प्रोग्रामच्या साहाय्याने स्पीकरवर ४९ किंवा ६९ कंपनांचा एकच सूर, बेताच्या आवाजात, सतत लावून ठेवावा आणि खोलीत सावकाश चालावे. भिंतीशी तो सूर अंगावर येतो. त्याच दिशेने खोलीच्या मध्याकडे जाताना तो क्षीण होतो, आणि ऐन मध्यावर जवळजवळ लोपतो. म्हणून ऐकण्याची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नये, आणि बरोबर मध्यावरही मांडू नये. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे दोन-पंचमांश अंतरावर बसून पाहावे. तिथून वीतभर पुढे-मागे सरकत कान सांगेल तिथे थांबावे.

दुसरी युक्ती अधिक गमतीची आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधील ध्वनीचा मार्ग तोच राहतो, हे हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड रॅले यांनी १९व्या शतकात दाखवून दिले. तेव्हा स्पीकरच खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवावा, आणि जिथे जिथे तो मांडता येण्यासारखा आहे तिथे तिथे डोके नेऊन ऐकावे. जिथे खर्ज सारखा ऐकू येईल ती स्पीकरची जागा. घरातल्या माणसांना हा प्रकार चमत्कारिक वाटेल, त्याला इलाज नाही!

मात्र कोपरा टाळावाच. स्पीकर एका भिंतीलगत असला की खर्जाचा दाब दुपटीपर्यंत वाढतो. कोपऱ्यात दोन भिंती मिळून तो आणखी वाढवितात, आणि मेजाचा पृष्ठभाग त्यात आपली भर घालतो. पुष्कळ स्पीकरना पाठीमागे भोक असते. त्यात फोमचा बोळा बसविल्यास खर्ज सौम्य होतो. खाली जाड रबराचे तुकडे ठेवले की मेजाची थरथर आणि खणातल्या वस्तूंचा खडखडाट थांबतो. हे सारे जवळजवळ फुकट आहे.

आता भिंतींना चिकटविल्या जाणाऱ्या पातळ फोमविषयी आणि अंड्यांच्या ट्रेंविषयी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत असे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या आणून, रात्रीच्या शांततेत मोजमापे घेतली, आणि सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला. पण त्याच्या मोजणीचा सूर ५१२ कंपनांचा होता. त्याचा तरंग दोन-सव्वादोन फूट लांब. ६० कंपनांच्या स्वराचा तरंग जवळजवळ पावणेसहा मीटर असतो. त्याला इंचभर फोम म्हणजे नसल्यासारखाच. उलट असा फोम तबल्याची चाट आणि शब्दांतली धार तेवढी शोषून घेतो, आणि उरलेला खर्ज अधिकच बोजड भासतो. खर्जासाठी जाडीच हवी: वीतभर जाडीची खनिज लोकर कोपऱ्यात, मागे थोडी पोकळी ठेवून. कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या तरी काही अंशी गुण येतो.

एवढे झाल्यावर मग स्वरनियंत्रणाची बटणे. जो एक स्वर फुगतो तेवढाच अरुंद पट्ट्यात खाली आणावा. जो लोपतो त्याला वर ढकलू नये. तिथे तरंगच एकमेकांना मारीत असतात, आणि कितीही शक्ती ओतली तरी ती स्पीकरला शिणविते आणि शेजाऱ्याच्या भिंतीतून पलीकडे जाते. आणखी एक सावधगिरी: आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखविले. रात्री हलक्या आवाजात खर्ज वाढवून ठेवलेला माणूस सकाळी आवाज मोठा करतो, आणि खोली पुन्हा पिंप होते. म्हणून ज्या आवाजात ऐकायचे, त्याच आवाजात बटणे लावावीत.

मेज कोपऱ्यातून हातभर सरकले, खुर्ची थोडी पुढे आली, की तीच मैफल पुन्हा लावून पाहावी. डग्ग्यावर तळहाताचा दाब वाढत जाताना स्वर कसा चढतो, ते आता ऐकू येते. आणि त्याच्या वर, इतके दिवस झाकलेली, तबल्याची चाट.