न्याहारीच्या खोक्यांतील ठेवा

दुकानदारानें मालाबरोबर कांहीं तरी वर द्यावें आणि गिऱ्हाइकानें त्या वरच्या वस्तूसाठींच माल घ्यावा, ही रीति फार जुनी आहे. घरांतील वडील मंडळी पदार्थाचा गुण पाहतात. परंतु मुलाचें बोट ज्या खोक्याकडे वळतें तेंच खोकें पुष्कळदां पिशवींत पडतें, हें कारखानदार चांगलें ओळखून असतात. तथापि कधीं कधीं असें घडतें, कीं फुकट दिलेली ती क्षुद्र वस्तु, ज्या कलाकृतीच्या लौकिकावर ती खपली त्या कलाकृतीहूनहि दीर्घायुषी ठरते. इंग्लंडांतील ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या निमित्तानें वाटलेल्या चित्रांची हकीकत अशीच आहे.

ही मालिका बी.बी.सी.नें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं, शनिवारीं सायंकाळीं सुरू केली. तिचा नायक काल आणि अवकाश यांतून संचार करणारा एक विक्षिप्त प्रवासी आहे. त्याचें यान म्हणजे पोलिसांना टेलिफोन करण्यासाठीं रस्त्यांत उभारीत तशी एक निळी चौकी. बाहेरून कपाटाएवढी, आंत मात्र विस्तीर्ण. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टेरी नेशन यांच्या लेखणींतून आणि रेमंड क्यूसिक यांच्या रेखाटनांतून ‘डॅलेक’ नांवाचे, पोलादी कवचांत राहणारे क्रूर जीव पडद्यावर अवतरले आणि मुलांना त्यांचें अक्षरशः वेड लागलें.

हें वेड व्यापाऱ्यांनीं हेरलें नसतें तरच नवल! त्यांच्या हातीं साधनहि तयार होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिगारेटचीं पाकिटें मऊ कागदाचीं असत. आंतील सिगारेटी चेंगरूं नयेत म्हणून पाकिटांत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. पुढें त्या तुकड्यावर चित्रें छापलीं जाऊं लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, कागदाच्या टंचाईमुळें ब्रिटनमध्यें ही प्रथा बंद पडली. युद्धानंतर चहावाल्यांनीं आणि मिठाईवाल्यांनीं ती उचलली. १९६४ सालीं ‘कॅडेट’ या मिठाईच्या पाकिटांतून डॉक्टर आणि डॅलेक यांच्या पन्नास चित्रांची माला निघाली. ती मिठाई म्हणजे सिगारेटच्या आकाराच्या साखरेच्या कांड्या होत्या! चित्राबरोबर व्यसनाचा आकारहि मुलांच्या हातीं देण्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं, हें आज ध्यानांत घेण्याजोगें आहे.

त्यानंतर १९६७ सालीं ‘वॉल्स’ कंपनीनें ‘स्काय रे’ नांवाच्या बर्फाच्या कांडीबरोबर छत्तीस चित्रें दिलीं आणि तीं चिकटविण्यासाठीं एक पुस्तकहि काढलें. १९७१ मध्यें ‘केलॉग्ज’च्या गोड न्याहारीच्या खोक्यांत सहा प्रकारचे बिल्ले आले; १९७६ मध्यें ‘टायफू’ चहाबरोबर बारा चित्रें आलीं. साठीच्या दशकांत मालिका काळ्यापांढऱ्या रंगांत दिसे. त्यामुळें पडद्यावर करड्या दिसणाऱ्या डॅलेकाचे रंग अनेक मुलांनीं आपल्या घरांत पाहिले ते अशा चित्रांवरच.

सर्वांत गाजलेली योजना ‘वीटॅबिक्स’ची होय. दुधांत भिजवून खावयाच्या गव्हाच्या या वड्यांच्या खोक्यांत १९७५ सालीं चोवीस उभीं राहणारीं चित्रें देण्यांत आलीं. चार चार चित्रांचे सहा संच होते आणि एका खोक्यांत एकच संच असे. खोक्याच्या पाठीवर देखावा छापलेला होता. त्यापुढें चित्रें मांडून मुलानें आपलें नाटक रचावें, अशी ती युक्ति होती. १९७७ सालीं पुन्हां चोवीस चित्रें आलीं आणि या वेळीं पाठीवर सोंगट्यांसारखे खेळ छापले गेले.

यांतील गणित मोठें मौजेचें आहे. सहा संच म्हणजे सहा खोकीं, असें मुलाला वाटतें. परंतु सर्व संच सारख्या प्रमाणांत भरले आहेत असें धरलें, तरी ते सर्व मिळण्यास सरासरीनें जवळजवळ पंधरा खोकीं लागतात. पांच संच हातीं आल्यावर उरलेल्या एकट्यासाठींच सरासरीनें सहा! कारखानदाराचा नफा या शेवटच्या संचांत असतो. मुलांजवळ यावर एकच तोड होती, ती अदलाबदलीची.

आतां या कथेची दुसरी बाजू पाहावी. त्या काळीं ध्वनिचित्रमुद्रणाच्या फिती महाग असत आणि जुना कार्यक्रम पुन्हां दाखविण्यावर नटांशीं झालेल्या करारांचीं बंधनें असत. रंगीत चित्रें सुरू झाल्यावर काळ्यापांढऱ्या कार्यक्रमांची किंमत उरली नाहीं. म्हणून १९६७ ते १९७८ या काळांत मालिकेच्या आरंभींच्या भागांच्या फिती पुसण्यांत आल्या आणि फिल्मवरील प्रतीहि नष्ट करण्यांत आल्या. १९६३ ते १९६९ या वर्षांतील २५३ भागांपैकीं नव्वदाहून अधिक भाग त्यामुळें दृष्टीआड झाले. २०१३ सालीं नायजेरियांत सांपडलेले नऊ भाग जगापुढें आले, ही अपवादात्मक सुदैवाची गोष्ट. मात्र हरवलेल्या सर्व भागांचा आवाज शिल्लक आहे. कारण कांहीं प्रेक्षकांनीं आपापल्या घरीं तो टेपवर उतरवून ठेवला होता.

संस्थेनें जें पुसलें तें घरांनीं राखलें. पन्नास चित्रांची ती १९६४ ची माला हरवलेल्या भागांची उणीव भरून काढूं शकत नाहीं, हें खरें. तीं चित्रें हातानें काढलेलीं आहेत, पडद्यावरून घेतलेलीं नाहींत. परंतु त्या काळच्या मुलांनीं त्या गोष्टींत काय पाहिलें, त्यांना कशाची भीति वाटली आणि कशाची हौस होती, याचा तीं पुरावा आहेत. संग्राहक आज न मोडलेल्या संचास अधिक मोल देतात. ज्या मुलानें चित्रें सुटीं करून मनसोक्त खेळ केला, त्याचा संच बाजारांत हलका ठरतो. वास्तविक चित्रांचा हेतु त्यानेंच पुरा केला!

हा विचार वेळीं सुचलेला एक मनुष्य म्हणजे रॉबर्ट ओपी. १९६३ सालींच, सोळा वर्षांच्या या मुलानें इन्व्हर्नेस स्टेशनावर घेतलेल्या मिठाईचें वेष्टन फेंकून न देतां जपून ठेवलें. त्या एका वेष्टनापासून वाढलेला संग्रह १९८४ सालीं ग्लॉस्टर येथें वस्तुसंग्रहालयाच्या रूपानें लोकांपुढें आला आणि २००५ मध्यें लंडनला गेला.

कोणती वस्तु पुढें मोलाची ठरेल हें फितींचे मालक जाणूं शकले नाहींत, आणि न्याहारी करणारीं मुलेंहि जाणत नव्हतीं. मुलांनीं चित्रें जपलीं तीं केवळ आवडलीं म्हणून. घर आवरतांना लहानांच्या डब्यांतील पुठ्ठ्याचे तुकडे कचरा म्हणून टाकण्यापूर्वीं मोठ्यांनीं ते एकदां मुलालाच विचारून घ्यावे, एवढें तारतम्य यावरून शिकण्यास हरकत नाहीं.