कांदा, सीमा आणि आपण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी वसतिगृहाची, विद्यार्थ्यांची व विवाहकार्यांची चर्चा होते. यंदा चिटणीसांनी मला शेतमालाच्या बाजाराविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. निफाड तालुक्यात वडिलोपार्जित जमीन कसणारा साधा शेतकरी आहे. बोलण्यात काही उणे राहिले तर आपण ते पदरात घ्याल, अशी आशा आहे.

आपल्या ज्ञातीत तीन प्रकारची कुटुंबे आहेत. काही कांदा पिकवितात, काही त्याचा व्यापार करतात आणि काही नाशिक-मुंबईस नोकरी करून तोच कांदा विकत घेतात. लग्नकार्यात आपण तिघे एका पंगतीस बसतो. परंतु भावाचा विषय निघाला की एकमेकांस बोल लावू लागतो. या दुखण्याचे मूळ आपल्या घरात नसून पुष्कळदा दूर देशाच्या सीमेवर असते, हे मला आज सांगावयाचे आहे.

७ डिसेंबर २०२३ रोजी आम्ही घरची सारी माणसे लाल कांद्याची ट्रॉली भरीत होतो. रात्री निर्यातबंदीचा हुकूम निघाल्याची वार्ता आली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले व शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर उतरले. माझी ट्रॉली दारातच उभी राहिली. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, पण खरिपाचा लाल कांदा पाण्याचा असतो. त्याला थांबावयास सवड नसते. लिलाव सुरू झाले तेव्हा मिळेल त्या भावाने तो द्यावा लागला. पंधरा दिवसांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले होते.

माझा सख्खा भाचा कांद्याचा व्यापारी आहे. त्या रात्री मी त्याला नको ते बोललो. तुम्ही व्यापारी आमच्या जिवावर उठला आहात, असेही म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, “मामा, तुमचा माल निदान घरी आहे. माझा वाटेत आहे.” आदल्या भावाने घेतलेला त्याचा माल सीमेच्या रोखाने निघालेल्या मालमोटारीत होता. त्याला उत्तर देणे मला सुचले नाही.

हे एकदाच घडले असते तर दैव म्हणून सोसले असते. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यात बंद झाली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले, ऑक्टोबरात टनास आठशे डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले आणि डिसेंबरात बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही शुल्क व किमान मूल्य ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वीस टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. ज्या पिकास रोपापासून काढणीपर्यंत चार-साडेचार महिने लागतात, त्याचे नियम एका हंगामात तीनदा बदलले, तर शेतकऱ्याने हिशेब कशाच्या आधारावर मांडावा?

आपल्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर या नाक्यांवरून माल पलीकडे जातो. आपण दार लावले की तेथील व्यापारी दुसऱ्या देशांकडे वळतो. तिकडच्या शेतकऱ्यांनाही आपले संरक्षण हवेच असते. मार्च २०२३ पासून जूनपर्यंत त्या देशाने स्वतःच्या कांद्याला भाव मिळावा म्हणून आपला माल थांबविला होता. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी लागते, आणि मध्ये सापडतो तो नाशवंत माल.

हे केवळ कांद्याचेच नाही. १३ मे २०२२ रोजी आपल्या देशातून गव्हाची निर्यात अशीच थांबली. दूरच्या कॅनडात १९४३ पासून पश्चिमेकडील प्रांतांतला गहू सरकारी गहू मंडळामार्फतच विकावा लागे. परवान्यावाचून तो अमेरिकेच्या सीमेपार नेला म्हणून झालेला दंड न भरता काही शेतकऱ्यांनी २००२ मध्ये तुरुंगवास पत्करला. २०१२ मध्ये ती सक्ती उठली. तथापि तेथेही सारे शेतकरी एकमताचे नव्हते. मंडळामुळे भावाला आधार मिळतो, असे मानणारे पुष्कळ होते. प्रश्न सोपा नाही, एवढेच यावरून समजावे.

शहरातील भगिनींचीही बाजू खोटी नाही. बेताच्या पगारात घर चालविणाऱ्या गृहिणीस कांदा महागला की झळ लागते. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीच्या निवडणुकीचा रंग पालटला, हे राज्यकर्ते विसरलेले नाहीत. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याच निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये आले व त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठविले, हेही विसरता कामा नये. महागाईत आमच्यावर दार बंद होते. मग मंदीत आमच्यासाठी कोणते दार उघडते?

तेव्हा नुसती हळहळ न करता ज्ञातिमंडळाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. आपल्या वसतिगृहातील कायदा व वाणिज्य शिकणाऱ्या मुलांनी निर्यातीविषयीचे हुकूम सोप्या मराठीत लिहून गावोगाव पोहोचवावेत. ज्यांना चांगली कांदाचाळ नाही, त्यांना ती बांधण्यासाठी मंडळाच्या निधीतून बिनव्याजी हात द्यावा. आणि शेतकरी व व्यापारी यांनी मिळून सरकारकडे एकच मागणे मागावे: धोरण बदलावयाचे तर लागवडीपूर्वी सांगा, आणि वाटेत असलेला माल अडवू नका. हे मागणे एकट्या शेतकऱ्याचे नाही, एकट्या व्यापाऱ्याचेही नाही. म्हणूनच त्याला वजन येईल.

माझा भाचा आज समोर बसला आहे. त्या रात्रीचे माझे शब्द मी सर्वांदेखत परत घेतो. वयाने मी मोठा असलो, तरी चूक माझी होती. सीमेवरचे दार आपल्या हाती नसेल. एकमेकांच्या घराचे दार उघडे ठेवणे तर आपल्या हाती आहे.