सिनेमात नसलेलं गाणं
(रेडिओवरील भाषण)



सिनेमाच्या जाहिरातीविषयी बोलायचं तर कोर्टातल्या एका भांडणापासून सुरुवात केलेली बरी. २०१६ साली शाहरुख खानचा ‘फॅन’ आला. आपल्या नगरच्या शेजारी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका शिक्षिकेनं त्याची जाहिरात पाहिली. जाहिरातीत एक धमाल गाणं होतं. पोरांना ते आवडलं, म्हणून सगळं घर सिनेमाला गेलं. सिनेमा संपला, दिवे लागले, पण गाणं काही आलंच नाही. ते फक्त प्रसिद्धीसाठी केलेलं होतं. बाई ग्राहक मंचात गेल्या. पोरं त्या रात्री जेवली नाहीत, पित्त वाढलं, दवाखान्यात न्यावं लागलं, असंही त्यांच्या तक्रारीत होतं. जिल्हा मंचानं तक्रार फेटाळली. राज्य आयोगानं मात्र १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगानं तो कायम ठेवला. मग निर्मिती संस्था, यशराज फिल्म्स, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाल उलटला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की ट्रेलर म्हणजे करार नव्हे आणि वचनही नव्हे. जे ट्रेलरमध्ये दिसलं ते सिनेमात असलंच पाहिजे, असा हक्क प्रेक्षकाला सांगता येत नाही.

ऐकताना हसू येतं खरं. पण बाईंनी विचारलेलं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पोस्टर बघून, ट्रेलर बघून आपण खिशात हात घालतो, तेव्हा समोरच्यानं आपल्याला नक्की काय कबूल केलेलं असतं?

याला उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ‘फॅन’च्या दोन वर्षं आधी आपल्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, असंच घडलं होतं. ‘फँड्री’ची गोष्ट घडते ती नगर तालुक्यातल्या अकोळनेर गावात. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, जेऊरचे. पण सिनेमाचे धडे त्यांनी घेतले ते नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. तिथं शिकताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मग आला ‘फँड्री’. त्यासाठी अजय-अतुल यांनी विंचवाचं एक गाणं केलं. रिक्षात, लग्नाच्या वरातीत, कॉलेजच्या गॅदरिंगला, जिथं तिथं ते वाजलं. सिनेमात मात्र ते गाणं नाही. सिनेमाचं पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ता यांचं, आणि त्याची जातच निराळी.

सिनेमावाले एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सिनेमा लागला तो १४ फेब्रुवारी २०१४ ला. म्हणजे प्रेमाचा दिवस, प्रेमाचं गाणं, आणि जाहिरातीत सगळ्यात पुढे उभं केलेलं एका शाळकरी पोराचं प्रेम: जब्या, शालू आणि काळी चिमणी. पोरंपोरी जोडीनं तिकिटं काढून आत गेली. आत त्यांना भेटला डुकरं धरायला लावलेला बाप, कुंपणापलीकडून हसणारं गाव, आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड. तो दगड कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो, म्हणजे थेट खुर्चीत बसलेल्या माणसाकडे. मग पडदा काळा.

आता ही फसवणूक झाली का? मला तसं वाटत नाही. ‘जातीच्या अपमानावरचा गंभीर चित्रपट’ असं पोस्टरवर छापलं असतं, तर कोण आलं असतं? ज्यांना तो अपमान पाठ आहे ते, आणि महोत्सवांना जाणारे थोडे. कुंपणापलीकडून हसणारे घरीच बसले असते. ज्याच्यासाठी दगड उचलला होता तोच खुर्चीत हवा होता, आणि त्याला तिथवर आणलं गाण्यानं. शिवाय गाणं खोटं नव्हतंच. जब्याच्या मनात जे चाललंय तेच गाण्यात होतं; फक्त गावानं त्या पोराला ते गाऊ दिलं नाही. जाहिरातीतून सिनेमा थोडा लपवणं आणि त्याच्याविषयी खोटं सांगणं, यांत मला तरी बराच फरक दिसतो. मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या वेळी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, याचाच मोठा खेळ झाला. गाणी आणि प्रेम पुढे, शेवटची दहा मिनिटं गुलदस्त्यात. पाहून आलेल्यांनीही तो शेवट बराच काळ जपला.

अकोळनेरचं नाव निघालंच आहे म्हणून जाता जाता सांगतो. संतकवी दासगणू महाराजांचा जन्म याच गावचा. साईबाबांचं नाव ज्यांच्या कीर्तनांनी शिर्डीच्या पार मुंबई-कोकणापर्यंत नेलं, ते दासगणू. ना पोस्टर, ना भोंगा; एक वीणा, एक माणूस आणि समोर बसलेली माणसं. प्रसिद्धीचं शास्त्र शिकवणाऱ्यांनी कधीतरी कीर्तनाला जाऊन बसावं.

असो. सिनेमाकडे वळू.

आपल्याकडे सिनेमाची जाहिरात सिनेमाएवढीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. मुंबईत ठीक चाललं. सुरतेला मात्र पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये, असं सांगतात. लोकांना रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांची सवय. तेवढ्याच पैशात हा घटकाभराचा खेळ कोण बघणार? तेव्हा फाळके यांनी जाहिरात बदलली. कथा नाही, सत्यवचनी राजा नाही, देव नाही. सांगितलं काय, तर सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत! गल्ला वाढला म्हणतात.

मला ही जाहिरात इतकी आवडते की एकदा कागद घेऊन हिशेबच मांडला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. ५७,००० भागिले १६, म्हणजे साडेतीन हजार फुटांहून थोडं जास्त. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. म्हणजे फोटोंचा आकडा जवळजवळ चोख. पण मैल असतो ५,२८० फुटांचा. तेव्हा चित्राची लांबी दोन मैल सोडा, पाऊण मैलही भरत नाही! सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या सिनेमाची ही जाहिरात. भारतीय सिनेमाच्या पित्याला एवढं माफ करायला हरकत नाही.

आकड्यांची ही युक्ती अजून जिवंत आहे. आज ट्रेलर येतो, आणि दुसऱ्या दिवशी सिनेमाच्या वेबसाइटवर, फेसबुकवर, वर्तमानपत्रात झळकतं, ‘चोवीस तासांत एक कोटी व्ह्यूज’. त्यांतले किती पाहणारे आपण होऊन आले आणि किती पैसे मोजून चालवलेल्या जाहिरातीतून आले, ते कोणी छापत नाही. सिनेमा कसा आहे हेही त्या आकड्यातून कळत नाही. कळतं ते एवढंच, की पुष्कळ माणसं तिकडे बघताहेत. आणि माणसं बघताहेत म्हटल्यावर आपलीही मान वळते. फाळके यांना हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

चित्रांनी बोलणारी जाहिरात आणली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी. माणूस मुळात नाटकांचे पडदे रंगवणारा. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर ते आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत, आणि फोटो घातलेल्या माहिती-पुस्तिकाही त्यांनी काढल्या. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे हाती असलेल्या भारतीय चित्रपोस्टरांत सगळ्यांत जुनं मानलं जातं. त्या परंपरेतून कोल्हापूरनं जी. कांबळे यांच्यासारखे पोस्टर-चित्रकार दिले. पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते, हे तर सगळ्यांना माहीत आहे. हातानं रंगवलेल्या पोस्टरात नायिका पडद्यावरच्यापेक्षा जरा जास्तच गुलाबी असायची आणि खलनायकाचे डोळे हमखास लाल. तो रंग म्हणजे चित्रकारानं सिनेमा बघून, किंवा न बघताही, दिलेलं मत असायचं. आताचं पोस्टर संगणकावर होतं, सफाईदार असतं, आणि बहुतेक वेळा त्यात सगळी नटमंडळी उंचीप्रमाणे उभी असतात. मत कोणाचंच नसतं.

पण खेड्यातल्या माणसापर्यंत जाहिरात पोस्टरातून पोचलीच नाही फारशी. ती पोचली आवाजातून. जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवा. कनाती ठोकलेल्या, बाहेर ट्रक उभा, ट्रकवर भोंगे. शेजारी दुसरा तंबू, त्याचेही भोंगे. दोन्हीकडचे पुकारे एकमेकांवर. पुकारणाऱ्याच्या हाती लिहिलेलं काही नसायचं. समोरून बायकांचा घोळका जाताना दिसला की सिनेमा ‘माहेरच्या माणसांचा, डोळ्यांना पदर लावायला लावणारा’ व्हायचा. पाच मिनिटांनी तालमीतली पोरं आली की तोच सिनेमा ‘मारामारीनं भरलेला’. ‘शेवटचा खेळ, पुन्हा दिसणार नाही’ हे रोजचंच. या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि गौरवलाही गेला. आज मोबाइलवर तुम्ही काय बघता ते हेरून त्याप्रमाणे जाहिरात दाखवतात, म्हणजे ताईंना एक तुकडा आणि दादांना दुसरा. त्याचं मोठं कौतुक चालतं. तंबूवाल्याला त्यासाठी फक्त डोळे लागत.

आणि रेडिओ? तो तर या व्यवहारात नाकापर्यंत बुडालेला होता. १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पुढं सिनेमेवाल्यांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम आले: थोडे संवाद, गाण्याचा मुखडा, आणि अमीन सायानी यांचा आवाज. गोष्ट ऐन रंगात आणायची आणि तिथंच तोडायची. चित्र नसल्यामुळे बाकीचा सिनेमा ऐकणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यात काढलेला असे. पुष्कळदा तो थिएटरातल्यापेक्षा चांगला निघायचा, आणि मग थिएटरात हिरमोड व्हायचा.

आताच्या ट्रेलरांविषयी माझी तक्रार उलटी आहे. अडीच मिनिटांत ते सगळंच सांगून टाकतात. भेट झाली, घरचे आडवे आले, मध्यंतराला कोणीतरी गेलं, शेवटी कोण जिंकणार हेही दिसलं. ‘फॅन’ बघायला गेलेल्या बाईंना जाहिरातीतलं सिनेमात सापडलं नाही. मला हल्ली जाहिरातीबाहेरचं सिनेमात काही सापडत नाही. यासाठी कुठल्या मंचात जायचं?

जाहिरातीविषयी आणखी एक गोष्ट बोलायला हवी. तिला पुन्हा आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे, श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांचं. तेही न्यू आर्ट्सचेच. जमीन विकून त्यांनी ‘ख्वाडा’ केला. मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट, राष्ट्रीय पुरस्कारांत नावाजलेली. पुढं ‘बबन’ आला. आणि २८ एप्रिल २०२३ ला ‘टीडीएम’ लागला. जाहिरात म्हणाल तर उत्तम झाली होती. ट्रॅक्टरवरच्या पोराची गोष्ट आहे हे गावागावांत माहीत होतं, एक गाणं तर मोबाइलवर अक्षरशः फिरत होतं. नवे चेहरे, मोठा नट नाही, तरी लोक विचारत होते. पण खेळच मिळेनात. जे मिळाले ते अडनिड्या वेळेचे. दिग्दर्शक आणि कलाकार प्रेक्षकांसमोर हात जोडून रडताना साऱ्या महाराष्ट्रानं पाहिले. शेवटी त्यांनी सिनेमा मागं घेतला आणि जूनमध्ये पुन्हा लावला.

इथं जाहिरातीचं काही चुकलं नव्हतं. तिनं माणसाला घरातून उठवलं, थिएटरच्या दारापर्यंत आणलं. दारात पाटी दुपारी बाराच्या खेळाची. शेतावरचा माणूस, दुकानावरचा पोरगा, दुपारी बाराला सिनेमाला कसा येणार? पोस्टरवर नट, संगीतकार, निर्माता, प्रायोजक, सगळ्यांची नावं असतात. मल्टिप्लेक्समधला संध्याकाळी सातचा खेळ कोणाला द्यायचा हे जो ठरवतो, त्याचं नाव मी अजून कुठल्या पोस्टरवर वाचलेलं नाही. त्यामुळे आता गावाकडची हुशार मंडळी ट्रेलर नंतर बघतात. आधी तिकिटांचं ॲप उघडून वेळ बघतात, आणि सातचा खेळ दिसला तरच गाडी काढतात.